तेलाचा डाग

काल दोंडाईच्याला पाहिलेला लेथ
आज शहाद्यात भेटला.
अंगावर हिरवा रंग, नवा, बोटाला लागणारा,
पण टेलस्टॉकच्या कडेला तोच टवका
चिंचोक्याएवढा.
मी त्याच्याकडे पाहिलं.
त्यानं ओळख दिली नाही.

प्राचार्य गिरासे म्हणाले, आधी लस्सी घ्या, ऊन फार आहे.
मी फॉर्म उघडला.
वर्गखोलीचं क्षेत्रफळ. पंखे. खिडक्या.
अग्निशामक नळकांडं: आहे,
मुदत गेल्या दिवाळीला संपलेली.
हजेरी अंगठ्याची.
लेथ, नग एक: आहे / नाही.
समोर उभा होता. नाही कसं म्हणू?
आहे, अशी खूण केली.

फिटरची सोळा पोरं भिंतीला टेकून,
इस्त्रीचे निळे शर्ट, घड्या अजून न मोडलेल्या.
त्यात एकच मुलगी, सायकी पावरा, धडगावकडची.
विचारलं, या मशीनवर काय शिकलीस?
ती म्हणाली, रंग द्यायला.
कोणी हसलं नाही.
रात्री दहाला आलं सर, आम्हीच दिला.
तिनं तळवे दाखवले, रेषांत हिरवं भरलेलं.
मग गिरासेंकडे न बघता विचारलं,
सर, हे चालू कुठून होतं?

फी अठ्ठावीस हजार. दोन हप्ते.

भुसावळला आमचे सुपडू मास्तर
तीन महिने एकच ठोकळा घासायला लावायचे.
कानस खांद्यानं नाही, कमरेतून, गाढवा.
मग ठोकळ्याला गुण्या लावून खिडकीकडे धरायचे.
फटीतून केसाएवढा उजेड आला
की ठोकळा परत आपल्या हातात.
'सूर्य घुसतोय आत,' एवढंच बोलायचे.
त्यांच्याकडे फॉर्म नव्हता,
पावतीवर सही करायची तरी चष्मा शोधत बसायचे,
पण आमच्या तुकडीतला एकही ठोकळा
आजवर कुठं डगमगल्याचं ऐकलं नाही.
(माणसं डगमगली. ते वेगळं.
त्यातला एक मी.)

संध्याकाळी तळोद्याच्या रस्त्याला,
दोन्हीकडे पपईच्या बागा, फळांना ऊन लागू नये म्हणून झाकलेल्या,
एक टेम्पो पुढं निघाला.
मागे ताडपत्री, ताडपत्रीखाली हिरवा पाय.
चहाच्या टपरीवर गाठलं त्याला.
ड्रायव्हर बशीत फुंकर मारत म्हणाला,
'साहेब, मन्हापेक्षा जास्ती शाया शिकेल शे हाई मशीन.'
उद्या तळोदा. परवा अक्कलकुवा.
भाडं रोजावर, डिझेल वेगळं.

रात्री नंदुरबारच्या विश्रामगृहात
मिरचीचा ठसका खिडकीतून येत होता.
टेबलावर समितीचा मसुदा:
व्यवसाय प्रशिक्षणाची गुणवत्ता मानके,
सूचना असल्यास कळवाव्यात.
मी लिहिलं:
यंत्राखालच्या फरशीवर तेलाचा डाग असावा.
जुना. फडक्यानं न निघणारा.
त्यात लोखंडाचा कीस रुतलेला असावा,
आणि बाजूला, जिथं शिकणारा उभा राहतो,
तिथं फरशी थोडी झिजलेली.
यंत्र भाड्यानं मिळतं. रंग डब्यात मिळतो.
डाग आणता येत नाही कुठून.

थोरात मॅडमचा फोन आला साडेनऊला.
कल्पना चांगली आहे, पण भाषा बसत नाही हो.
डाग मोजायचा कसा?
गुडघे टेकून, मी म्हणालो.
त्या हसल्या. बरं, तसं लिहा काहीतरी.

'गुडघे टेकून' लिहिलं.
बराच वेळ पाहत बसलो.
मग खोडून 'प्रत्यक्ष पाहणीने' केलं.

शहाद्याचा फॉर्म पिशवीतून काढला, सहीसाठी.
'आहे'वरच्या खुणेशेजारी
माझ्याच अंगठ्याचा ठसा, हिरवा.
रॉकेल लावून पाहिलं.
कागद तेवढा पारदर्शक झाला,
दिव्यासमोर धरला तर
पलीकडचं दिसू लागलं.